रुखवतातले अकरा

हल्ली मुलं फोनवर फुटबॉलचा संघ चालवतात. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, बचावात किती, पुढे किती, सगळं बोटाने ठरवतात आणि कधी न पाहिलेल्या माणसाला हरवतात. घरोघरी त्याचं कौतुक चाललेलं असतं. काहीतरी नवीन निघालंय म्हणे. मी हे सेलूत केलेलं आहे, घरात टेलिफोन सोडा, धड पंखाही नव्हता तेव्हा. तो संघ माझ्याकडून कसा काढून घेतला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यात हे सुरू झालं. कॉलेज बंद होतं. खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या आणि ज्यांच्या घराला कसलीच झळ नव्हती अशी आमच्या गल्लीतली पोरं वेळ कसा घालवायचा म्हणून जांभया देत होती. आमच्या दुकानाच्या ओट्यावर मोठी माणसं सरकी-पेंडीच्या पोत्यांना टेकून बसायची आणि तावातावाने बोलायची. त्यातल्या एकाचं वाक्य मला पाठ झालं होतं. "नाव म्हंजे काय सदरा हाय का, आला मनात की बदलला?" मी आतून चहाचे कप आणून ठेवायचे आणि परत जायचे.

गल्लीच्या तोंडाशी वकिलाचं माडीचं घर होतं. वकिलाचा थोरला मुलगा हैदराबादला मामाकडे राहून आलेला, तिथे त्याने फुटबॉल पाहिलेला. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटातला हवा गेलेला चेंडू. मैदानात गुडघाभर चिखल. म्हणून त्याने माडीवर बसून खेळायचा फुटबॉल काढला. नियमही त्यानेच केले आणि स्वतःला अध्यक्ष करून टाकलं. वकिलाच्या घरात वाढल्याने नियम करायची त्याला भारी हौस.

खेळ असा होता. प्रत्येकाने अकरा खेळाडूंचा संघ करायचा. सामन्याला प्रत्येकाला पन्नास चिंचोके. दोघांच्या मध्ये पाट उभा करायचा आणि आपापल्या बाजूला खेळाडू मांडून त्यांच्यामागे चिंचोके लावायचे, कोणाच्या मागे किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाट काढला की मोजणी. माझी पुढची फळी तुझ्या बचावाला भारी पडली तर मला दान मिळणार. फोडलेले चार चिंचोके टाकायचे, चारही पांढरे पडले की गोल. एकाच खेळाडूवर सलग फार चिंचोके लावले तर तो जायबंदी, पुढच्या सामन्याला बाहेर.

माझ्याहून वर्षाने लहान असलेल्या भावाने संघ घेतला आणि पहिले तिन्ही सामने हरून आला. रडकुंडीला येऊन त्याने मला खेळ समजावून सांगितला. मला ऐकता ऐकताच कळलं की ही सगळी पोरं चिंचोके पुढे लोटतात. प्रत्येकाला गोल मारायचा होता, थांबायचं कोणालाच नव्हतं. मी भावाला म्हटलं, संघ मला दे, तू फक्त वर जाऊन मांड. त्याने हात झटकून दिला. तेव्हा त्याला त्या संघाची काहीही किंमत नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

बाकीच्यांचे खेळाडू म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची बुचं. मी शिंप्याकडून चिंध्या आणल्या, जिनिंगमधून आलेला कापूस भरला आणि अंगठ्याएवढ्या अकरा बाहुल्या शिवल्या. गोलकीपर म्हातारा केला, पांढऱ्या मिशांचा, कारण तो जागचा हलणार नव्हता. डाव्या पायाचा एक होता, त्याला मी दोन सामने उपाशी ठेवायचे आणि तिसऱ्याला असा सोडायचे की समोरच्याची फळी फाटायची. मधल्या तिघांवर माझा सगळा भरवसा. दुपारी धुणं वाळत घालताना, भाकरी थापताना माझ्या डोक्यात मांडणी चालायची. समोरचा कोण, मागच्या वेळी त्याने काय केलं, हरल्यावर तो चिडतो की घाबरतो, हे भावाकडून खोदून खोदून काढायचे. चिडणारा पुढच्या वेळी सगळं पुढे लोटतो, घाबरणारा मागे ओढतो. मी त्यातल्या एकाचंही कधी खेळताना तोंड पाहिलं नव्हतं, पण मला ती पोरं त्यांच्या आयांपेक्षा जास्त कळायला लागली होती.

मला माडीवर जायची बंदी होती. अप्पांनी एका वाक्यात विषय संपवला होता. "पोरांत जाऊन बसायचं न्हाई." आई त्यात भर घालायची, "खेळच हाय तो. कशाला येवढं मनाला लावून घ्यायलीस?" खेळच आहे तर मग जाऊ का देत नाहीस? असं मी विचारलं की ती दुसरं काम सांगायची.

आमचा संघ, म्हणजे माझा संघ, जिंकत सुटला. एकदा भावाने स्वतःचं डोकं चालवून मांडणी बदलली आणि सपाटून मार खाऊन आला. त्यानंतर त्याने कधी बदल केला नाही. पण माडीवर पाठ थोपटली जायची ती त्याची. गल्लीत त्याला हाक मारून पोरं विचारायची, "काय डोकं हाय गा तुझं, कुठून सुचतंय?" हा हसायचा. मी खिडकीतून ऐकायचे. घरी आल्यावर मी म्हणायचे, सांग ना त्यांना. तो म्हणायचा, "सांगतो की अक्का, येळ आल्यावर." दोन वर्षं झाली तरी ती वेळ आली नाही.

मग चारठाण्याचं स्थळ आलं. पाहिलं, पसंत पडलं, तारीख धरली. त्याच सुमाराला आमचा संघ अध्यक्षाने ठेवलेल्या मोठ्या कपच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना अध्यक्षाच्याच संघाशी होता आणि त्याने तो नेमका माझ्या लग्नानंतर ठेवला. मुद्दाम ठेवला असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. मला काही फार नको होतं. अंतिम सामना माझ्या संघाने माझ्या मांडणीने खेळावा आणि तो माझा आहे हे सगळ्यांसमोर म्हटलं जावं, एवढंच.

एका दुपारी अप्पा मोंढ्याच्या बाजारात गेलेले पाहून मी चपला घातल्या आणि माडी चढले. आठ-दहा पोरं होती. मला पाहून सगळी उभी राहिली, जणू मी कोणाच्या घरचं वाईट सांगायला आले होते. मी सरळ बोलले. संघ माझा आहे, पहिल्यापासून मांडणी माझी आहे, ह्याला विचारा. चारठाण्याहून रोज एस.टी. येते, कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देईन, त्याप्रमाणे खेळा.

सगळ्यांनी माझ्या भावाकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. होय म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

अध्यक्षाने घसा खाकरला. वकिलाचाच मुलगा. "ताई, तुमी मदत करत असाल, न्हाई कोण म्हणतंय? पण संघ घराच्या नावावर हाय. तुमी आता दुसऱ्या घरच्या. उद्या आमच्या बहिणी पण म्हणतील आमचा हिस्सा. मग खेळायचं कसं?"

बाकीच्यांनी माना डोलवल्या. त्यांना खरंच ते पटलं होतं, हेच मला सहन होत नाही. एकाच्याही चेहऱ्यावर लबाडी नव्हती. जमिनीचं जसं, दुकानाचं जसं, तसंच पन्नास चिंचोक्यांचंही त्यांनी करून टाकलं आणि ते करताना त्यांना जराही विचार करावा लागला नाही. मी जिना उतरले. रडू आलं नव्हतं. कोणाला तरी माडीवरून खाली ढकलावं असं वाटत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागलेली असताना भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "अक्का, जायच्या आधी मांडणी सांगून जा की." माझ्या अंगाला हळद नसती तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. तो म्हणाला, "बरं, बाहुल्या तर दे." मी म्हटलं, उद्या दिसतील.

दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. शेवया, कुरडया, लाडू, मण्यांचं तोरण, लोकरीचा मोर, उशांचे अभ्रे. त्या सगळ्याच्या मधोमध मी हिरव्या कापडाचा तुकडा अंथरला आणि माझे अकरा खेळाडू उभे केले. म्हातारा गोलकीपर मागे, मधले तिघे, डाव्या पायाचा पुढे. शेजारच्या कार्डावर, मावशीने बाकीच्या वस्तूंसाठी लिहिलं होतं तसंच, 'वधूच्या हातचे'. वऱ्हाडातल्या बाया वाकून वाकून बघत होत्या. "बाहुल्या लय गोड हायेत," म्हणत होत्या. माडीवरची पोरंही आली, पंगतीत वाढायला होती ना. अध्यक्ष हातात बुंदीची परात घेऊन रुखवतासमोर थांबला आणि थांबलाच.

भाऊ कानाशी आला. "ते उचल तिथून. सामना हाय आमचा."

"तूच उचल," मी म्हटलं. "सगळ्यांच्या देखत. सासूबाई तिथंच उभ्या हायेत."

रुखवतात मांडलेली वस्तू मुलीबरोबर जाते. माहेरच्याने त्यातली काडी जरी मागे घेतली तर दोन्ही घरांची शोभा होते, वर्षानुवर्षं लोक बोलतात. हे त्याला ठाऊक होतं, अध्यक्षालाही ठाऊक होतं. ह्या लोकांच्या सगळ्या रीतींमध्ये माझ्या बाजूची मला एवढी एकच सापडली आणि मी ती वापरली. थोड्या वेळाने ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. ओट्यावर नावाचा सदरा करणारे गृहस्थ पुढेच उभे होते, पेढ्यासाठी हात पुढे करून.

खेळाडू माझ्याबरोबर चारठाण्याला आले. नवऱ्याने ते चांगल्या मनाने हातात घेऊन पाहिले, खेळ विचारून घेतला. दोन-तीनदा माझ्यासमोर बसलाही, पण त्याला बायकोकडून हरायला आवडेना आणि मला मुद्दाम हरायला जमेना. पुढे तो बसेनासा झाला. संघ माझा होता आणि समोर कोणी नव्हतं. हे मी रुखवत मांडताना लक्षात घेतलं नव्हतं. बाहुल्या वाचल्या, खेळ माडीवरच्या पोरांकडेच राहिला.

पहिल्या दिवाळीला भाऊ मला न्यायला आला. थेट गाडी चुकली म्हणून देवगाव फाट्याला गाडी बदलायची होती. सेलूच्या एस.टी.ची वाट बघत आम्ही हॉटेलासमोरच्या बाकड्यावर बसलो, त्याने भजी आणली. मी न विचारताच तो म्हणाला, "फायनल गेली, अक्का. नवे अकरा केले होते बुचांचे. पाच गोलांनी हरलो आपण."

"आपण न्हाई," मी म्हटलं. "तू हरलास."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करायलेय. मग भजी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पुढच्या बारीला सांग की मांडणी. अध्यक्ष आता पुढं लय लावतो बघ." आणि त्याने सांगायला सुरुवात केली, कोण कसं खेळला, कोणी कुठे किती लावले. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या डोक्यात पाट उभा राहिला, चिंचोके आपोआप लागत गेले, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत अध्यक्षाला कसा पाडायचा ते मला स्पष्ट दिसलं. इतकं सोपं होतं ते.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं होतं की मला सापडलंय. "काय?" त्याने विचारलं. "सांग की."

तेवढ्यात एस.टी. आली. मी पिशवी उचलली आणि बायकांच्या जागेवर जाऊन बसले, म्हणजे त्याला माझ्या शेजारी बसता आलं नाही.