बेंबीतला पैसा

विसरवाडीच्या फाट्यावर लोटनचं पत्र्याचं दुकान आहे. ट्रकची डिझेलटाकी, धाब्याचं पातेलं, दूधवाल्याचा कॅन, जे गळेल त्याला तो ठिगळ मारतो. अॅल्युमिनियमला तो जर्मन म्हणतो. तिकडे सगळेच म्हणतात. काम संपलं की वस्तूवर दोन टिचक्या मारून सांगतो, "आते बापजन्ममां गळाव नही."

हे वाक्य फाट्यावर चालतं. तापीकाठच्या कोरीट गावात मात्र त्याची पार शोभा झाली होती. तिथल्या हेमकांत पाटलाची जर्मनची जुनी नाव लोटनने तीन वर्षं लागोपाठ दुरुस्त केली आणि तीन वर्षं लागोपाठ ती पोळ्याच्या आत गळली. तेव्हापासून गावात कुणाचा नळ ठिबकला, कुणाच्या बैलाने दावं तोडलं, तरी बघणारा नाक चेपून, शेवटचा 'नही' लांबवून म्हणायचा, "बापजन्ममां गळाव नहीऽऽ." एकदा खुद्द लोटनसमोर बसच्या कंडक्टरने म्हटलं. लोटनने तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

यंदा हेमकांतचा फोन आला. "लोटनभाऊ, ही शेवटली खेप. नाव मी दगडवर ठेई दिधी. यंदा पानी भरीसन देखसूत. थेंब जरी गळना ते रूपचंद भंगारवाला लई जाई. त्याले बलाई ठेयेल शे."

हेमकांतची केळी तापीच्या पलीकडे. नाव गेली तर त्याला पुलावरून लांबचा फेरा पडणार होता, पण तो मोटारसायकलवर निभला असता. लोटनचं निभणार नव्हतं. नाव भंगारात गेली की कोरीटचं ते वाक्य त्याला जन्मभर चिकटणार होतं.

दरवर्षी तो पोचेपर्यंत हेमकांतची आई जमनाबाई नावेतल्या फळ्या काढून, तळ घासूनपुसून ठेवायची. यंदा त्याला चैन पडेना. ठरल्याच्या एक दिवस आधीच पहिली गाडी धरून तो काठावर हजर झाला. फळ्या अजून जागेवर होत्या. त्याने मधली उचलली.

खाली, नावेच्या बरोबर मध्यावर, शेंदूर-तुपात चिकटवलेला तांब्याचा जुना पैसा. भोवती पांढरी, हिरवट भुकटी, ओल्या मिठासारखी. त्याने खिळ्याने पैसा उचकटला, तर भोकातून खालची वाळू दिसली.

लोटन तिथेच नावेच्या काठावर टेकला. फाट्यावर एका ड्रायव्हरने टाकीच्या बोल्टला तांब्याचा वायसर लावला होता. पावसाळा सरता सरता त्याच्याभोवती टाकी पापडासारखी चुरली होती. ओलाव्यात तांबं टेकलं की जर्मन झिजतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. इथे तांबं असेल हे कुणाला माहीत!

"कोन शे रे नावमां?" जमनाबाई चहाची किटली घेऊन उतारावरून येत होती.

"मी, माय. हाऊ पैसा कोनी ठेवा?"

"मी. दुसरं कोन ठेई?" ती म्हणाली. "नाव दुरुस्त व्हयनी का पानीमां जावाना पहिले तिनी बेंबीवर तापीमायना पैसा ठेवतस. तू जास, मंग मी ठेवस. तू येवाना पहिले काढी लेस. देवना पैसावर तुन्हा हातोडा पडाले नको."

लोटनने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी ठिगळ मारस, आनि तू त्याच ठिगळवर पैसा ठेवस?"

"बेंबी का जागा बदलस काय?"

"माय, तोच पैसा नाव खाई ऱ्हायना."

जमनाबाईने किटली खाली ठेवली. "वा रे वा! ठोकता तुले येस नही, आनि नाव ठेवस तापीमायले! लाकडानी नावमां मन्हा सासरानी पैसा ठेवा, मन्हा मालकनी ठेवा. ती कधी गळनी नही."

"ती लाकडानी व्हती."

"देवले काय? लाकूड काय नि जर्मन काय!"

लोटनने पैसा तिच्या तळहातावर ठेवला आणि भोकाकडे बोट केलं. जमनाबाई वाकली. पैसा भोकावर ठेवला. डबीवर झाकण बसावं तसा बसला. तिने तो उचलला, फिरवला, परत ठेवला. परत तसाच बसला.

"चहा थंडा व्हई ऱ्हायना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोटनने तळ चकचकीत होईपर्यंत खरवडला. पैशाच्या चौपट मोठं ठिगळ कापलं, खाली फटी बुजवायची लांबी मळून लावली आणि जर्मनच्याच रिपिटांनी ठोकलं. आतून हेमकांतने घण टेकवून धरला होता. मग दगडांवर ठेवलेल्या नावेत बादल्यांनी पाणी भरलं आणि तळाला बाहेरून चुलीची राख फासली. एवढासा ओलावा आला तरी राखेवर काळा डाग दिसतो.

रूपचंद टेम्पो लावून बाभळीखाली बसला होता. "आपली काय घाई नही," तो दर थोड्या वेळाने सांगायचा आणि खाली वाकून राख बघायचा. उन्हं कलली. राख पांढरीच राहिली. "आपली काय घाई नव्हतीच," असं म्हणून त्याने टेम्पो वळवला.

लोटनने टिचक्या मारायला हात उचलला आणि खाली घेतला. जमनाबाई पैसा मुठीत धरून उभी होती.

"पैसा नदीमां टाकी दे, माय," हेमकांत म्हणाला.

"नदीले देसू, मंग नावले काय? नाव बिगर पैसानी निंघाव नही."

"मंग पदरले बांध," लोटन म्हणाला. "तू नावमां बठनी, का पैसा बी नावमां बठना."

जमनाबाईने विचार केला आणि पदराला गाठ मारली. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे हेमकांतने तिला दोन वर्षांपासून पलीकडे नेणं बंद केलं होतं. आता पैशासोबत तीही दर खेपेला नावेत येणार होती. त्याने लोटनकडे असं पाहिलं की लोटन हत्यारं गोळा करू लागला.

पोळा गेला. त्याच सुमारास हेमकांतचा फोन दरवर्षी यायचा, तसा यंदाही आला. लोटनने तो तीनदा वाजू दिला.

"बोला, हेमकांतभाऊ. गळनी का?"

"कोरडी ठणठणीत शे." पलीकडे पाण्याचा आवाज येत होता आणि जमनाबाईचाही: वल्हं कसं धरावं, केळी कशी लावावी, सगळं चालू होतं. "पन लोटनभाऊ, माय नावमांथीन उतरस नही. तिले काय ठिगळ मारता येई का?"

लोटन हसला नाही. फोन ठेवून त्याने समोरच्या दूधवाल्याचा कॅन उचलला, त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि ते वाक्य म्हटलं, शेवटचा 'नही' चांगला लांबवून.