चौथ्या भागासाठी राखलेली दाढी

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की एक किस्सा हाती लागतो, खाली येईस्तोवर दुसरा. मी कान लावत नाही हो! पण रामदासभाऊंची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यामध्ये एक कठडा तेवढा आहे. आता कठड्याला काय कान धरून बाजूला करायचं? तीन वर्षांत एवढे किस्से साठलेत की थोडे उतरवून ठेवलेले बरे.

रामदासभाऊ मूळचे शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे व्यापारी. राजापेठेत आमच्या भिंतीला लागून घर. तो मारामारीचा पिक्चर आहे ना, ज्याचे भागावर भाग निघतात? आमच्या गल्लीत त्याला नावानं कोणी ओळखत नाही. नुसतं 'एक', 'दोन', 'तीन'. तर 'दोन'चं शूटिंग त्यांच्या गावाकडच्या बगीच्यात झालं आणि गुंडांच्या गर्दीत भाऊंना उभं केलं. हिरोनं एक बुक्की मारली, भाऊ संत्र्याच्या ढिगात गडप! संपलं काम.

जाताना तिथला एक माणूस म्हणाला, "दाढी अशीच ठेवा, पुढच्या भागात बोलावू."

हे वाक्य त्यानं त्या दिवशी चाळीस जणांना ऐकवलं. एकोणचाळीस जणांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली.

* * *

भाऊंची दाढी म्हणजे दहा दिवसांची वाटेल एवढीच. कमी नाही, जास्त नाही. दर रविवारी आरशासमोर कात्री घेऊन बसायचे. त्यांची बायको मंगलाताई एकदा म्हणाली, "अवो, काढून टाका. फोन आला तर दहा दिवसांत परत येते!"

भाऊ कात्री खाली ठेवून म्हणाले, "अन् फोन पाचव्या दिवशी आला तर?"

* * *

मग 'तीन'चंही शूटिंग उरकलं. भाऊंना कोणी बोलावलंच नव्हतं. आमच्या ह्यांनी खोचकपणे विचारलं, "काय जी रामदासभाऊ, तुमी तर मेले ना 'दोन'मध्ये?"

"मेल्याचं दाखवलं का? ढिगात पडल्याचं दाखवलं! मले 'चार'साठी राखून ठेवलं हाय."

त्यांनी 'चार'ची गोष्टही वहीत लिहून काढली. गुंड संत्री खात खात ढिगातून बाहेर येतो आणि हिरोवर सूड उगवतो. मंगलाताईनं वही वाचली आणि म्हणाली, "खात खात बाहेर आले, एवढं पटलं मले."

* * *

त्यातच पल्लवीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पाहायला अकोल्याच्या जुन्या शहरातून पाहुणे आले. मुलाचे वडील वकील. मीही होतेच, पोहे करायला माणूस नको? वकीलसाहेब दारात आले, भाऊंची दाढी पाहिली आणि चप्पल काढता काढता थांबले.

"सूतक होतं तर फोन करायचा ना! आम्ही दिवस झाल्यावर आलो असतो."

वकिलीणबाईंनी तर माझ्या हातातला पाण्याचा ट्रे पाहून हात मागे घेतला. मंगलाताई पांढरीफटक. आणि आमचे भाऊ छाती काढून म्हणतात,

"सूतक नाई साहेब, सिक्वेल हाय!"

* * *

पोरगी गुणाची म्हणून सोयरीक जमली, पण वकीलसाहेबांनी अट घातली, "लग्नात दाढी नको. लोक म्हणतील, सुतकात लग्न लावलं."

भाऊ म्हणाले, "'तीन' किती चालते ते पाहू. चालला तर 'चार' पक्का, मंग दाढी नाई निघत."

पोरीचं लग्न पिक्चरच्या धंद्यावर! गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांनी 'तीन' पडावा म्हणून देवाला हात जोडले. मी तर नारळ बोलले.

* * *

संत्र्याचा व्यापारी फळ मोजत नाही. बगीच्यात एक चक्कर मारतो, झाडांकडे नजर टाकतो आणि माल किती ते सांगून मोकळा. लग्नाच्या तोंडावर 'तीन' लागला, तेव्हा गल्लीतले आम्ही पाच जण पाहायला गेलो आणि भाऊंनी थेटराच्या गाडीतळात तशीच चक्कर मारली. गाड्यांच्या रांगाच रांगा!

"बगीचा लदलेला हाय! 'चार' येते म्हंजे येतेच!"

आत गेलो तर अकरा माणसं, त्यातली पाच आमच्याच गल्लीची. भाऊ म्हणे, लोक यायचे आहेत. इंटरव्हलला बाहेर आलो तर गाडीतळ रिकामा. तीन गाड्या उरलेल्या, दोन आमच्या! बाजूचा ट्यूशन क्लास सुटला होता. पोरं आपापल्या स्कुट्या घेऊन घरी गेली होती.

मंगलाताई हळूच म्हणाली, "फळगळ झाली वाटते!"

* * *

आठ दिवसांत 'तीन' उतरला. भाऊ तरी ऐकतात का? "आंबिया बहार गेला तर मृग बहार हाय, दुसरं पीक. टीव्हीवर चालंल!" इकडे लग्न चार दिवसांवर आलेलं.

शेवटी पल्लवीच बोलली. ओरडली नाही, रडली नाही. "बाबा, तुमी दाढी सांभाळा. कन्यादान काका करतीन."

भाऊ कठड्याला टेकून दाढीवरून हात फिरवत राहिले. मी कपडे वाळत घालायचे सोडून खाली आले. असं मी सहसा करत नाही.

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सलूनवाला घरी आला. भाऊ डोळे मिटून खुर्चीत. उजवा गाल साफ झाला, आता डाव्याला साबण लावणार, तेवढ्यात अकोल्याहून वकीलसाहेबांचा फोन. मंगलाताईनं फोन उचलला. तिनं स्पीकर लावला.

"व्याहीबुवा! टीव्हीवर 'दोन' लागलाय! तुम्ही ढिगात पडलात, मी स्वतः पाहिलं. पण मेल्याचा पुरावा कुठंय? माझ्यातर्फे अट मागे! दाढीला हात लावू नका!"

सलूनवाला वस्तरा धरून उभा. भाऊंनी एक डोळा उघडला. मंगलाताईकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं आणि डावा गाल हातानं झाकून घेतला.

लग्न झोकात झालं. कन्यादान भाऊंनीच केलं. परवा अल्बम आला, मी दोनदा पाहिला. प्रत्येक फोटोत भाऊंच्या उजव्या हाताला मंगलाताई, डाव्या हाताला वकीलसाहेब. आणि दोघंही खूश!