पाटकरी मामा आणि तीन ठेकेदार

मामा कुणाच्याही घरी गेले की चहापाण्याच्या आधी बाथरूम गाठत. दार लावून घेत नसत. आत मगभर पाणी फरशीवर ओतल्याचा आवाज येई, मग बराच वेळ शांतता, आणि बाहेर येऊन मामा यजमानांना विचारत, "ठेकेदार कोण व्हता?" ज्यांना ही सवय माहीत नव्हती ते भलतंच समजत. मंचरच्या एका पाहुण्यांनी तर मामांना काही आजार आहे असं गृहीत धरून निघताना त्यांच्या हातात लघवीच्या त्रासावरच्या गोखरूच्या काढ्याची बाटली ठेवली. मामांनी ती पिशवीत टाकली आणि म्हणाले, "काढा घेतो. पर तुमच्या मोरीची जाळी उंच बसलीय राव, तेवढी खाली घ्या."

हे माझे सख्खे मामा, खोडदचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून केली. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात किती वेळ सोडायचं, मध्येच ते कुठं मुरतंय, कुणी हळूच बांध फोडून आपल्याकडे वळवलंय, हे बघत ते आयुष्यभर कालव्याच्या कडेनं चालले. गावात त्यांना सोपान म्हणून हाक मारणारी माणसं थोडीच; बाकी सगळ्यांचे ते पाटकरी. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, नजर काही सुटली नाही. ती लोकांच्या घरातल्या फरशांवर आली. "माणसाला इच्यारलं तर तो त्याच्या सोयीचं सांगतो," ते म्हणत. "म्हणून मी पाण्याला इच्यारतो."

आमचं घर शिनोलीला. जुनं न्हाणीघर मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून. तिथं कायम पाणी तुंबलेलं असायचं, आणि त्याच पाण्यावरून माझी आई घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती घरात चालू लागली, पण न्हाणीघरात जायचं म्हटलं की माझी बायको सुनीता सोबत हवी, आणि दार अर्धं उघडं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला त्याची फार लाज वाटे. वारंवार जावं लागू नये म्हणून ती पाणीच कमी प्यायला लागली. शेवटी आम्ही ठरवलं, घराची दुरुस्ती करायची आणि बाथरूम घरात आणायचं. मामांच्या कानावर हे गेलं मात्र, दुसऱ्या दिवशी ते दोन पिशव्या घेऊन हजर. आई त्यांची थोरली बहीण, आक्का. "ठेकेदार मी बघतो," त्यांनी जाहीर केलं. "तू शाळेत पोरं शिकीव."

पहिला ठेकेदार नारायणगावचा, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं मोबाइलवर आमचं होणारं घर दाखवलं. बोट फिरवलं की घर फिरायचं. खिडकीत कुंड्या, भिंतीवर झगमगणारे दिवे. सुनीता आणि मी तिथंच विरघळलो. मामांनी मोबाइल हातात घेऊन घर दोनदा फिरवलं आणि विचारलं, "ह्या चित्रातलं सांडपाणी कुठं जातंय?" तो म्हणाला, ते प्रत्यक्ष काम करताना ठरतं. मामांनी त्याच्याकडून त्यानं बांधलेल्या एका घराचा पत्ता घेतला आणि आम्ही दोघं तिथं गेलो. मामांनी मगभर पाणी ओतलं. ते जाळीकडे पाठ फिरवून शांतपणे उंबऱ्याखालून बाहेर आलं आणि माझे पायमोजे भिजवून गेलं. घरच्या बाईंनी सराईतपणे वायपर आणला. तसला एक वायपर स्वयंपाकघरात होता आणि एक जिन्याखाली. परत येताना गाडीवर मागं बसून मामा म्हणाले, "एका घरात तीन वायपर. ठेकेदारानं वायपरचं दुकान तरी काढायला पायजेल व्हतं."

दुसरा ठेकेदार ओळखीतला, आणि अतिशय गोड. त्याच्या तोंडी एकच शब्द होता: "होऊन जाईल." बाथरूम आत घ्यायचंय? होऊन जाईल. सुनीताला स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत नको होती. होऊन जाईल, ताई. भिंतीकडे त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मामा चहा पिता पिता ऐकत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "पावणं, माझ्या मनात स्लॅबवर एक हीर पाडायची हाय. लई खोल नको, आठ-धा हात."

"होऊन जाईल, मामा," तो म्हणाला.

मामांनी त्याला दारापर्यंत सोडलं, नमस्कार केला आणि आत येऊन म्हणाले, "ह्यो बी गेला."

यात दोन महिने निघून गेले. एका सकाळी आईला न्हाणीघरातून आणताना सुनीताचा पाय ओल्या पायरीवरून निसटला. दोघी पडल्या नाहीत, पण भिंतीला धरून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. आत आल्यावर सुनीता मला म्हणाली, "मामांच्या परीक्षा संपेपर्यंत आईंना मी असंच न्यायचं का? कुणालाही द्या, पण काम सुरू करा." ती हळूच बोलली होती, पण मामा ओट्यावरच बसले होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी पाण्याचा तांब्या समोर असून त्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बाहेर पडले आणि दुपारी बिरूभाऊंना घेऊन आले. हे घोडेगावकडचे ठेकेदार. वडील मेंढरं राखायचे, बिरूभाऊ गवंड्याच्या हाताखाली शिकून वर आलेले. कमी बोलायचे. सुनीतानं भिंतीचं सांगितल्यावर त्यांनी ती हातानं ठोकली, माळ्यावर चढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, वरचं सगळं वझं हिच्यावर हाय. ही मी काढणार नाय. इंजिनेर म्हणला तरच बघू." सुनीताचा चेहरा पडला. मामांचा उजळला. "तुमी केलेलं एखादं घर दाखवा," त्यांनी फर्मावलं.

बिरूभाऊ आम्हांला घोडेगावातल्या एका घरी घेऊन गेले. बाथरूमच्या दारात थांबून ते म्हणाले, "मामा, हितं माझा उतार चुकला व्हता. फोडून परत केला. तरी त्या कोपऱ्यात वंजळभर पाणी ऱ्हातंय." मामांनी मगभर पाणी ओतलं. ते सरळ जाळीत गेलं आणि कोपऱ्यात खरंच ओंजळभर राहिलं. घरमालक म्हातारे मागून कुरकुरले, "दर दोन महिन्यानं येतो आन् इच्यारतो, ऱ्हातंय का अजून? कटाळा आलाय मला सांगून."

मामा त्या ओंजळभर पाण्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं, हाही गेला. पण ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बिरू, सोमवारी माणसं आण."

काम सुरू झालं आणि भांडणंही. मामा खुर्ची टाकून समोर बसत आणि उतार वाढवायला सांगत. "आजून दे. पाणी कसं पळालं पायजेल." एकदा बिरूभाऊंनी थापी खाली ठेवली. "मामा, ह्यो कालवा न्हाई. एवढा उतार दिला तर पाण्याबरूबर आक्का बी जातील."  पाण्याच्या बाबतीत कुणीतरी मामांचं म्हणणं खोडल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. मग ते खुर्चीवरून उठले, ओल्या सिमेंटच्या कडेला उभे राहिले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तुला पटंल तेवढाच दे."

काम पुरं झालं त्या दिवशी आई वॉकर घेऊन निघाली. सुनीता सवयीनं उठली, तर आईनं तिला हातानं थांबवलं. ती आत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. सुनीता होती तिथंच उभी राहिली. मामांनी खुर्ची दाराशी ओढली, पेपर उघडला आणि बसले. पान काही उलटलं नाही. आत नळ सुटला, बंद झाला, पुन्हा सुटला.

"सोपाना," आतून आईचा आवाज आला, "दाराशी बसलायस न्हवं?"

"पेपर वाचतोय, आक्का."

"मग अंगणात जाऊन वाच. मला लाज वाटती."

सत्तरीला टेकलेले मामा पेपर काखेत मारून निमूट अंगणात गेले. मी मागोमाग गेलो. ते दोरीवरचं धोतर काढून घडी घालत होते.

"आज मला खोडदला सोड," ते म्हणाले.

"दिवाळी करून जा की, मामा."

"नगं." त्यांनी धोतर पिशवीत भरलं आणि पिशवीचे बंद ओढून बांधले. "आक्का हाकलाय लागली मला. बरी झाली ती."