लाइट दोनदा घालवणारी मंजुषा

नाचणगावच्या पुंडलिकरावांची मंजुषा घरबसल्या लाइट घालवते आणि त्याचा पगार घेते. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा! पुण्याच्या एका कंपनीसाठी ती कॉम्प्युटरची परीक्षा घेते. फाइलचं नाव बदलता बदलता लाइट गेली, तरी मशीन पुन्हा सुरू झाल्यावर फाइल जुन्या नावानं सापडावी, नाहीतर नव्या. हरवता कामा नये, एवढीच अट.

परवा गावची लाइट गेली आणि तिच्या मशीनमधली फाइल खरंच हरवली. तिनं कळवलं, तर पुण्याचे मुकेश सर म्हणाले, "आम्ही शेकडो वेळा लाइट घालवून पाहिली, काही होत नाही. तुमच्या गावची वीजच खराब." आणि आज संध्याकाळी तोच प्रोग्रॅम गिऱ्हाइकांकडे रवाना होणार होता. मंजुषाचा नुसता तिळपापड झाला. वीज खराब, मान्य. पण लोकांच्या फाइली अशाच गडप झाल्या तर? ती जेवायला बसली, तरी डोक्यात तेच.

पुंडलिकराव शेजारी जेवत होते. "बाबा, परवा लाइट गेलती, तवा विहिरीवरची मोटर बंद पडली ना?"

"एकडाव कुठं, पोरी? गेली, आली, मी स्टार्टर दाबला, तं पुन्हा गेली! आपल्या इकडं लाइट कधी एकडाव जाते का?"

मंजुषा ताटावरून उठलीच. पुण्याचे लोक लाइट एकदाच घालवत होते! मशीन उठून आपल्या अर्धवट कामाची आवराआवर करत असताना दुसरा दणका कुणी दिलाच नव्हता.

तिनं मुकेश सरांना व्हिडिओवर बोलावलं आणि बाबांना मशीनच्या विजेच्या बटणापाशी बसवलं. "मी म्हणीन तवाच दाबजा."

फाइलचं नाव बदललं, बटण बंद. चालू. मशीन सावरायला लागलं, तशी ती ओरडली, "दाबा!" पुन्हा बंद. पुन्हा चालू केलं, तर जुनं नाव नाही आणि नवंही नाही.

"परत दाखवा," मुकेश सर म्हणाले. परत तेच.

"आजचं पाठवणं थांबवतो," ते म्हणाले. "दोनदा घालवायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. शाब्बास!"

मंजुषाला आभाळ ठेंगणं झालं. पुंडलिकराव मात्र घाबरले होते. "पोरी, फाइल तं गेली! माह्यानं जोरात दाबल्या गेलं का?"

"गेली म्हणूनच जमलं, बाबा! आता ते दुरुस्त करतीन."

"आपली लाइट?" पुंडलिकरावांचा चेहरा खुलला.

"नाई बाबा, त्यायचं मशीन."

"हात्तिच्या! मंग मले काऊन बसवलं?"