खुब्याचा गोळा आणि एक प्लेट पोहे

एपीएमसीच्या गेटसमोर ओल्या कांद्याच्या सालींवर माझी स्कूटर घसरली, आणि मी पडलो तो अगदी बघण्यासारखा! दोन्ही हात वर, तोंडाने "अरे अरे अरे!" आणि उजव्या कुशीवर धप्पकन. दोन हमालांनी मला गोणीसारखं अलगद उचललं. मी ऐटीत उभा राहणार, तर उजवा पाय ऐकेना. तो बाहेर वळून पडला होता, जणू दुसऱ्याच कुणाचा.

वाशीच्या हॉस्पिटलात एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुब्यातला गोळा मांडीच्या हाडाच्या मानेपासून तुटून सरकलाय. वय?"

"त्रेचाळीस."

"मग तुमचाच गोळा वाचवायचा. सत्तरीचे असता तर काढून धातूचा बसवला असता. तो झिजतो, आणि तुम्हाला अजून खूप चालायचंय. हाड जागेवर आणून तीन लांब स्क्रू घालू. हाड तुटल्याची रेघ फार उभी असली तर एक जाड स्क्रू आणि बाजूने पट्टी."

कांदा मार्केटातून धावत आलेला माझा थोरला भाऊ पुढे सरसावला. "मॅडम, टेम्पोचं बेअरिंग गेलं की आमी नवीनच टाकतो. जुनं कशाला जोडत बसायचं?"

"बेअरिंगला रक्त लागत नाही, दादा. या गोळ्याला मानेवरूनच रक्त जातं. ते बंद पडलं तर गोळा मरतो. म्हणून घाई. दुपारीच फिक्स करू." आणि बाई गेल्या.

आता दादाच्या मार्केटात भाव फिक्स होतो, गाडी फिक्स होते, पोरीचं लग्न फिक्स होतं. फिक्स म्हणजे ठरणं. "म्हंजे दुपारी ठरवनार," तो म्हणाला. "तवर उपाशी कशाला मरतोस?" आणि कँटीनमधून पोहे घेऊन आला. मीही शहाणा! लिंबू पिळून, शेव मागून खाल्ले. उपाशी राहा हे सांगायला सिस्टर आली तेव्हा मी शेवटचा शेंगदाणा चावत होतो.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात जोडले. "आता सहा तास थांबा."

सहा तास! मी, जो लग्नाच्या पंगतीतही एका जागी बसत नाही, तो पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडलो. कूस बदलायची नाही. समोर घड्याळ. काटा हलला की वाटे, गोळ्याच्या रक्ताचा गेला आणखी एक थेंब. दादा दारापर्यंत जाई, परत येई. दर पाच मिनिटांनी विचारी, "गरम लागतंय का रे आत? रक्त जातंय ना?"

एव्हाना येऊन पोचलेली माझी बायको एवढंच म्हणाली, "दोघा भावांना मिळून एक शब्द कळला नाही."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. तीन स्क्रू पुरले. पुढे तीन महिने वॉकर, तो पाय टेकायचाच नाही. मग एक्स-रे. बाई म्हणाल्या, "हाड जुळलंय. गोळाही आज चांगला दिसतोय. पण दोन वर्षं बघत राहावं लागेल."

"ते सहा तास..." दादाने विचारलं.

"त्याने काही बिघडलं की नाही, आत्ता नाही सांगता येणार."

तेव्हापासून दर रविवारी दादा कोपरखैरण्याला आमच्याकडे येतो, चप्पल काढायच्या आधी म्हणतो, "चालून दाखव." मी पॅसेजमधून नाटकातल्या राजासारखा चालून दाखवतो. एकदा गंमत म्हणून मुद्दाम लंगडलो. दादा भिंतीला टेकून खालीच बसला. मी तीन वेळा सरळ चालून दाखवलं, तरी त्याला उठवेना.