कानशिलावरचा बिब्बा

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. मी वर्तमानपत्राला टँकरच्या बातम्या पाठवत होतो. त्याच उन्हाळ्यात उदगीरजवळच्या गावाहून आईला लातूरच्या दवाखान्यात आणलं. डावं कानशील ठणकत होतं, भाकरी चावताना जबडा दुखायचा, आणि एका सकाळी डाव्या डोळ्याची नजर गेली.

कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असावी, असा डॉक्टरांचा संशय होता. तसं असेल तर उजवा डोळाही धोक्यात होता. पण सुजेवरचं औषध जालीम, आणि आईला पूर्वी क्षय झालेला. तो उसळेल या भीतीने, रक्तवाहिनीचा तुकडा तपासल्याशिवाय ते सुरू करायला डॉक्टर धजेनात.

तुकड्याची बाटली घेऊन मी एसटीने नांदेडला गेलो. पॅथॉलॉजिस्टांकडे तपासणीच्या काचा धुवायला पाणी नव्हतं. टँकर येईपर्यंत काम अडलं. लातूरहून फोनवर रोज एकच निरोप यायचा: अजून दिसतंय.

काचा तयार झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. रक्तवाहिनीची भिंत साफ होती. दुखतं कुठल्या बाजूला, त्यांनी विचारलं. मी डावी सांगितली. त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

"हा तुकडा उजवीकडचा आहे."

ठणका थांबावा म्हणून मावशीने डाव्या कानशिलावर बिब्बा घातला होता. कातडी उतून तिथे जखम झाली होती. म्हणून सर्जनने ती बाजू टाळली होती.

पॅथॉलॉजिस्टांनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, ही सूज सलग नसते. मध्ये चांगली जागा सोडून पुढे पुन्हा असते. तुकडा थोडा शिल्लक होता. तो त्यांनी पार संपेपर्यंत कापायला लावला.

त्यातली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं. जांभळ्या ठिपक्यांची दाटी, त्यांत काही फुगलेल्या मोठ्या पेशी, आणि मधली रक्ताची वाट जवळजवळ बुजलेली.

"कॅन्सर?"

"नाही, तीच सूज. पण थांबू नका. लातूरला फोन लावा."

ट्रंक कॉल लागेपर्यंत मी पोस्टातल्या बाकावर बसलो नाही. त्याच दिवशी औषध सुरू झालं, सोबत क्षयाचंही.

डावी नजर परतली नाही. उजवी टिकली. मावशी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "माझ्या बिब्ब्यानंच ऱ्हायला तो डोळा."

आईने उजव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "हाव. मग गेलेला बी तुझ्यापाशीच असंल. दे की."