पस्तीस इंचांचा ओटा

मास्तर चाळीस वर्षं कोट बेतत होते. मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात, काचेमागे, सकाळी नऊ ते रात्री आठ, उभ्याने. शिवणारे कारागीर वेगळे. मास्तरांनी फक्त माप घ्यायचं आणि कापड कापायचं. नजर अशी, की गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईतो निम्मे आकडे त्यांच्या मनात मांडून झालेले असत. "साहेब, डावा खांदा पाऊण इंच उतरलाय तुमचा. बॅग जरा उजव्या हातात धरत जा," असं ते सहज सांगून जात आणि साहेब चाट पडत. तयार कपड्यांवर त्यांचा भारी राग. "सगळ्यांना होतं ते कुणालाच होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून मास्तरीणबाईंचे कान किटले होते.

अशा माणसाच्या हातून ही चूक व्हावी, म्हणजे खरं तर कपाळाला हात लावायची वेळ.

मास्तरीणबाईंचं माप त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. बायकोला लांब कोट शिवायचा म्हणून टेप आणली आणि कोटाला न लागणारी मापंसुद्धा घेत बसले. जमिनीपासून गुडघा. जमिनीपासून कोपर. कोपराखाली टेप गेली की तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसून वाकायची, आणि मास्तर म्हणायचे, "सरळ उभी राहा, नाहीतर पहिल्यापासून घ्यावं लागेल." मग पहिल्यापासून घ्यायचे. उंची पाच फूट दोन इंच, कोपर एकोणचाळीस. ते आकडे त्यांनी वहीत लिहिले नाहीत. लिहायची गरजच नव्हती.

त्यानंतरची सदतीस वर्षं दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहिली. स्वयंपाकघरातला ओटा कुण्या बुटक्या माणसासाठी बांधला होता कोण जाणे, जेमतेम अठ्ठावीस इंच. मालक त्याला हात लावू देईना. मास्तरीणबाई बिस्किटं करून दोन दुकानांना पुरवत. रोज सकाळी मळलेल्या पिठाचा गोळा घेऊन त्या ओट्यावर वाकत आणि दुपारी शेवटचा पत्रा भट्टीतून निघाला की कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होत. मास्तर तेव्हा दुकानात. ते घरी येत तेव्हा ती खुर्चीत बसलेली असे. कधी तरी कंबर चेपताना दिसली, की ते म्हणत, "आपलं घर होऊ दे. तुला एक इंच वाकू देणार नाही."

हे मात्र ते विसरले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरापासून दोन तासांवर, एका लहानशा गावाच्या कडेला जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर. बाकी घर कसंही होवो, स्वयंपाकघर बायकोच्या मापाचं झालं पाहिजे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. वर्षभर दोघं तिथंच शेजारच्या शेडमध्ये राहिली. मास्तर टेप गळ्यात अडकवून गवंड्याच्या मागेमागे. गवंडी पन्नाशीचा, शांत माणूस; दुसरा कुणी असता तर थापी टाकून निघून गेला असता.

"ओटा पस्तीस," मास्तर म्हणाले.

"पस्तीस जास्त होतो, मास्तर. आम्ही सगळीकडे बत्तीस ठेवतो."

"सगळ्यांना होतं ते…"

"…कुणालाच होत नाही." गवंड्याने वाक्य पुरं केलं. एव्हाना त्यालाही ते पाठ झालं होतं. "पण वहिनींना एकदा उभं करून बघू या ना. बाहेरच तर आहेत त्या."

बघायचं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या बायकोचं माप तुम्ही मला सांगणार? पाच फूट दोन इंच. कोपर एकोणचाळीस. त्यातून चार वजा करा. बांधा."

मास्तरीणबाई खिडकीबाहेर विटा भिजवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विटा भिजवत राहिल्या.

ओटा बांधून, घासून, पुसून तयार झाला त्या दिवशी मास्तरांनी तिला हाताला धरून आत आणलं. "उभी राहा. सांग आता, वाकावं लागतंय?"

"नाही हो. अजिबात नाही."

खोटं काय होतं त्यात? वाकावं लागतच नव्हतं. खांदे मात्र कानांपर्यंत उचलावे लागत होते. मास्तरांचा चेहरा इतका फुलला होता, की तिने पुढचं सगळं गिळून टाकलं.

मग सुतार आला. खुर्ची गुडघ्याच्या मापाची, पलंग त्याच मापाचा, डब्यांची फळी हात वर केला की पोचेल अशी. म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीचा हात. पडवीतल्या खुर्चीत मास्तरीणबाई बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत; अधांतरी हलत राहत. मास्तरांना त्याची भारी गंमत वाटे. बघा, शाळेतल्या मुलीसारखे पाय हलवत बसते, किती खूश आहे! सासरी असलेली लेक दोन दिवस राहायला आली तेव्हा आईकडे बघून तिने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, आई केवढी वाकलीय! आणि किती लहान दिसतेय."

"दमलीय गं. सामान लावून लावून जीव गेलाय तिचा. होईल चार दिवसांत सरळ."

परक्या माणसाचा पाऊण इंच रस्त्याच्या पलीकडून दिसणारा हा माणूस. संताप येतो, पण काय करणार? घरी आले की त्यांचे डोळे कामावरून सुटलेले असत. बायकोकडे बघितलं की त्यांना पाच फूट दोन इंचच दिसायचं.

पुढचं मास्तरांना फार उशिरा कळलं. सुतारकामातून उरलेली एक फळी मास्तरीणबाईंनी ठेवून घेतली होती. मास्तर बाहेर पडले की त्या ओट्यापुढे दोन विटा मांडत, त्यावर फळी टाकत आणि वर उभं राहून पीठ लाटत. फाटक करकरलं की खाली उतरायचं, फळी पायाने ओट्याखाली सारायची, विटा त्यामागे. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत मास्तरांची तीस-बत्तीस पावलं. तेवढ्यात सगळं उरकायचं. सहा महिने उरकत होतं.

त्या सकाळी मास्तर गावातल्या दुकानात लोणी आणायला निघाले. वळणापर्यंत गेल्यावर पिशवी विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परत फिरले. फाटक करकरलं. मास्तरीणबाई नुकत्याच फळीवर चढल्या होत्या. इतक्या लवकर! घाईघाईत एक पाय खाली आणि एक वरच असताना त्यांनी फळी सारायला घेतली.

मास्तरांनी आवाज ऐकला. धावत आत आले तर बायको जमिनीवर, हाताला पीठ, आणि शेजारी फळी. "ही फळी इथं कुणी आणून टाकली?" ते ओरडले. गवंड्याला, सुताराला, दोघांनाही त्यांनी शिव्या घातल्या. मास्तरीणबाई वेदनेने पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी म्हणाल्या, "त्यांना नका बोलू हो."

खुबा मोडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. चौथ्या दिवशी नर्स वॉकर घेऊन आली. त्याचे पाय उंचीप्रमाणे खालीवर करता येत. "उंची किती म्हणालात?" तिने कागद चाळत विचारलं.

"पाच फूट दोन," मास्तर म्हणाले.

नर्सने कागदावरून मान वर केली. "नाही आजोबा. चार फूट साडेदहा."

"तुमची चूक झालीय."

"ऑपरेशनच्या आधी मीच मोजलंय."

"मग तुमची टेप चुकीची आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिशातून स्वतःची काढली. नर्स हसली आणि वॉकर ठेवून पुढच्या खाटेकडे गेली.

मास्तरीणबाई जाग्या होत्या. "कशाला हो," एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी टाचेपाशी टेप धरली आणि वर सरकवत नेली. मांडी, कंबर, खांदा. त्यांच्या बोटांना पाठीचा बाक लागला. उशीपाशी येऊन त्यांनी आकडा वाचला. पुन्हा टाचेपाशी गेले, पुन्हा वर आले. कोपरही मोजलं. आज तिला गुदगुल्या झाल्या नाहीत. चाळीस वर्षांत आकड्यावर कधी न अडखळलेला माणूस, तीनदा वाचूनही त्यांना तो आकडा पटेना. मग पटला, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"कधीपासून?"

"असतील बारा-पंधरा वर्षं."

"मग ती फळी…"

तिने तोंड भिंतीकडे केलं. मास्तर खाटेच्या कडेवर बसले. त्यांना तिच्यावर रागवायचं होतं, जोरात ओरडायचं होतं; विचारलं एवढंच, "मला सांगितलं का नाहीस गं?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "गवंड्याला सांगत होतात ना, तेव्हा मी खिडकीबाहेर होते. पाच फूट दोन म्हणालात. कसल्या तोऱ्यात सांगितलंत! मला वाटलं, या जगात एका माणसाच्या लेखी तरी मी अजून ताठ उभी आहे. ते कशाला मोडायचं?"

"मी रोज तुला बघत होतो."

"बघत कुठं होतात?" ती म्हणाली. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "मी तुम्हाला पाठ होते."

मास्तर ढसाढसा रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने लाजून कूस बदलली. मास्तरीणबाईंनी नवऱ्याचा हात धरला, थोपटला, आणि म्हणाल्या, "बरं, आता घरी गेल्यावर काय ते बघू."

घरी गेल्यावर कशाला? त्यांनी त्याच दुपारी गवंड्याला फोन केला. सोमवारी या, ओटा फोडायचाय, ती घरी यायच्या आत नवा झाला पाहिजे. संध्याकाळभर ते तिला सांगत बसले: ओटा खाली घेऊ, खुर्चीचे पाय कापू, पलंगाचे कापू, डब्यांची फळी खाली आणू. "एवढं सुंदर घर केलंत आणि आता त्याचे पाय कापत बसणार," असं म्हणून ती हसली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ओट्याचं मात्र करा हो. तेवढं करा. खांदे फार भरून येतात." मागितलं तर तिने आयुष्यात एवढंच मागितलं.

रविवारी पहाटे तिला अचानक श्वास पुरेना. पायात झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी धावपळ पुष्कळ केली. सात वाजता नर्सने येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

लेक आली. लोक आले, गेले. सोमवार कधी उलटला ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. दहाव्या दिवशी गवंडी भेटायला आला, पडवीत बसला, खाली मान घालून चहा प्याला. कप खाली ठेवल्यावर मास्तरांनी विचारलं, "हत्यारं कुठं आहेत?"

गवंड्याने लेकीकडे बघितलं. "मास्तर, आता कशाला? तुमच्या उंचीला तो ओटा अगदी बरोबर आहे."

बरोबर होता. मास्तर पाच फूट आठ. पस्तीस इंच त्यांना मापून बांधल्यासारखा होता. लेकीनेही समजावलं. "बाबा, आता स्वयंपाक तुम्हालाच करायचाय. वेड्यासारखं करू नका."

"साडेएकतीस," मास्तर म्हणाले. "कोपर साडेपस्तीस. मी स्वतः मोजलंय. त्यातून चार वजा."

"पण त्यावर काम कोण करणार?"

"तिने मागितला होता."

दुसऱ्या दिवशी गवंड्याने ओटा फोडला आणि नवा बांधला. मास्तर शेजारी उभे राहून दर थराला टेप लावत होते, आणि मध्येच भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. गवंड्याने मजुरी घेतली नाही. लेक अजून दोन दिवस राहिली आणि तिच्या घरी गेली.

आता मास्तर एकटे रांधतात. भाजी चिरायची तर वाकावं लागतं, पीठ मळायचं तर आणखी वाकावं लागतं. एकदा त्यांनी बिस्किटंही करून पाहिली; करपली, पण टाकली नाहीत. लेक रोज संध्याकाळी फोन करते. महिना व्हायच्या आत त्यांच्या आवाजावरून तिने ओळखलं.

"बाबा, कंबर दुखतेय ना?"

"दुखते."

"मग करून घ्या ना तो ओटा पुन्हा उंच. मी बोलू का गवंडीकाकांशी?"

"नको," मास्तर म्हणाले. "तिने सदतीस वर्षं काढली गं. मला आता कुठं तीन आठवडे झालेत." त्यांनी फोन ठेवला आणि कांदा चिरायला वाकले.